टोप काढून दाखवा

झुलपेकाकांच्या डोक्यावर जे केस होते, ते खरं तर एखाद्या नटाच्या वाट्याला जायचे. ते चुकून टोप बनवणाऱ्याच्या वाट्याला आले. साठी जवळ आली तरी कपाळावरून मागे वळणारी दाट, काळीभोर झुलपं तशीच, आणि कानांशी पांढरे केस म्हणावेत तर जेमतेम चार. त्यांचं खरं आडनाव दुकानाच्या भाडेकरारात असेल तर असेल. सगळ्या बाजारपेठेत ते झुलपेकाका आणि त्यांच्या सौभाग्यवती काकू.

गंमत अशी, की हे केस खरे आहेत यावर कुणाचा विश्वासच नव्हता. टोप करणाऱ्याच्या डोक्यावर इतके झकास केस, म्हणजे तो टोपच असणार, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. गिऱ्हाईक जिना चढून वर यायचं, खुर्चीत टेकायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि शेवटी काकांच्या डोक्याकडे बोट दाखवून हळूच म्हणायचं, असाच पाहिजे. कुणी जास्तच खोलात शिरून विचारलं, की हे काम कुणाचं हो, तर काका घाईघाईने मापाची फीत काढायचे आणि मान सरळ ठेवायला सांगायचे. खोटं ते एकदाही बोलले नाहीत. खरं बोलायची वेळ मात्र त्यांनी मोठ्या शिताफीने टाळली.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आरसा, खुर्ची आणि काका. मागच्या खोलीत खिडकी, लाकडी डोक्यांची रांग आणि काकू. काका डोक्याचं माप घेऊन बारीक जाळीची टोपी शिवायचे आणि काकू बारक्या आकड्याने तिच्यात एकेक केस गाठवायच्या. एक टोप पुरा व्हायला पुष्कळ दिवस जायचे, आणि त्यात मान मोडून जायची ती काकूंची. पण कुणाचं डोकं आहे हे काकूंना कधी कळत नसे. तसा काकांचा नियमच होता: गिऱ्हाइकाचं नाव मागच्या खोलीत जाणार नाही. लाकडी डोक्यांना काकूंनीच नावं ठेवलेली. एक 'रुंद कपाळ', एक 'चपटा मागून', एक 'कटकट्या'. हा कटकट्या कोण होता कोण जाणे, पण त्याला कपाळावर उजव्या बाजूला भोवरा हवा होता, आणि तो मनासारखा होईना म्हणून त्याने टोप पुन्हा पुन्हा परत पाठवला होता. काकू जेवताना तणतणायच्या, की लोक आपला भोवरा पाणी लावून लावून दाबतात आणि हा शहाणा मागून घेतोय.

त्या जेवणाला बहुतेक वेळा काकूंचा धाकटा भाऊ असायचा. त्याला सगळे फलके म्हणत, कारण शहरभर जाहिरातींचे फलक लावायचा त्याचा धंदा. माणूस बोलका, अंगावर कडक इस्त्री, आणि डोक्यावर बहिणीच्या कौतुकाचा विषय असलेले केस. आमच्या माहेरी टक्कल कुणालाच नाही, असं काकू ज्याला त्याला सांगायच्या, आणि पुरावा म्हणून भावाच्या कपाळावरचा भोवरा दाखवायच्या. लहानपणी त्याला न्हाऊ घालताना हा भोवरा बसता बसत नसे म्हणे. फलके लाजून हसायचा आणि वाढलेलं मुकाट्याने खायचा.

तर या फलकेचं एकच पालुपद होतं, की भावोजी, जाहिरात करा. चार चौकांतला त्याचा एकेक फलक म्हणजे दुमजली घर, पण त्याखालून जाणारे लोक हल्ली मान खाली घालून फोनमध्ये बघत जात, हे त्यालाही दिसत होतं. म्हणूनच की काय, तो जास्तच हिरिरीने बोलायचा.

"भावोजी, दिसत नाही ते विकलं जात नाही."

"माझं उलट आहे," काका म्हणायचे. "माझं दिसलं तर विकलं जात नाही."

यात खोटं काही नव्हतं. शर्ट चांगला शिवला तर माणूस शिंप्याचं नाव चारचौघांत सांगतो. दात चांगले बसवले तरी दोघांना सांगेल. पण टोप जितका उत्तम, तितकं माणसाचं तोंड घट्ट बंद. काकांच्या कामाची तारीफ करायची म्हणजे आधी आपलं टक्कल कबूल करायचं, आणि ते कोण करणार? शहरात काकांचे टोप राजरोस हिंडत होते, सभांमध्ये भाषणं ठोकत होते, लग्नाच्या फोटोंत मधोमध उभे होते, आणि एकाच्याही तोंडून काकांचं नाव निघत नव्हतं. नवं गिऱ्हाईक यायचं ते केवळ काकांना रस्त्यात बघून. काकांचं डोकं हीच काकांची जाहिरात होती, आणि तीही, नीट पाहिलं तर, दुसऱ्याच मालाची.

फलकेने ऐकलं नाही ते नाहीच. आधी त्याने नाक्यावर कागद वाटायला माणूस उभा केला. त्या माणसाने सरळ विचार केला आणि हेरून हेरून टकलांच्या हातात कागद दिले. एकाने तिथेच फाडला, एकाने 'मला का देतोस' म्हणून त्याची गचांडी धरली. केस भरगच्च असलेल्या बायकांनी मात्र गठ्ठाच्या गठ्ठा मागून नेला, कपाटात अंथरायला. मग फोनवर जाहिरात झाली. ती पुष्कळांनी पाहिली असं फलके छातीठोकपणे सांगायचा, पण बोट एकानेही लावलं नाही. लावलं तर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं, अशी लोकांना भीती. शेवटी फलकेने हुकमी पत्ता काढला. काका-काकू एका लग्नाला परगावी गेले असताना त्याने जिन्याच्या तोंडाशी भला मोठा फलक ठोकला. त्यावर एक चकचकीत टक्कल, वर दिव्यांची माळ, आणि बाण काढून लिहिलेलं: केस हवेत? वर या.

झालं. धंदा बसला तो इथेच.

कारण त्या जिन्याची एक खुबी होती. वर काकांच्या शेजारी शिंप्याचं दुकान होतं. काकांकडे येणारा माणूस हातात एखादी जुनी विजार धरूनच जिना चढायचा. कुणी हटकलं तर विजार लहान करायला चाललोय. काही जणांनी तर एकच विजार वर्षानुवर्षं त्या कामासाठी राखून ठेवलेली. आता बाण लागल्यावर जिन्यात पाय ठेवला की माणूस टकल्या ठरला. काकांचं गिऱ्हाईक तर तुटलंच, वर शिंपीही तावातावाने आला. ज्यांना खरोखर विजार लहान करायची होती तेसुद्धा आता खालूनच परत जात होते. काकांनी परत आल्या दिवशीच फलक उतरवला, पण बदनाम झालेला जिना बदनामच राहिला. मागच्या खोलीत लाकडी डोकी ओळीने बोडकी बसली. काकू खिडकीशी नुसत्याच बसायच्या, हातात आकडा धरून, आणि ते काकांना पाहवत नसे. त्या खिडकीत वाकलेली काकूंची पाठ हे काकांचं सगळ्यात आवडतं दृश्य होतं. ते त्यांनी काकूंना कधी सांगितलं नव्हतं, तो भाग वेगळा.

फलकेला वाईट वाटलं. मनापासून वाटलं. भावोजी, माझं फलकांचं गोदाम सांभाळायला या, असं तो खाली बघून म्हणाला. काका हो म्हणाले, पण एक अट घालून. लघुउद्योगांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्याच्या प्रसिद्धीचं काम फलकेकडेच होतं. तिथे आपण एक गाळा घ्यायचा. तिथे एकाही माणसाने टोप करायला सांगितला नाही, तर दुकानाची किल्ली मालकाला परत आणि काका गोदामात.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघांचा उत्साह काय वर्णावा. काकूंनी ठेवणीतले टोप विंचरून फुलवले, काकांनी लाकडी डोक्यांना पॉलिश केलं. प्रचंड मोठं दालन, वर रंगीत दिवे, मध्ये व्यासपीठ, त्यामागे सिनेमासारखा पडदा. गर्दी तर विचारू नका. ती लोटत होती, ढकलत होती, आणि काकांच्या गाळ्यापाशी आली की एकदम शेजारच्या कुलुपांच्या गाळ्याकडे वळत होती. लोक कुलूप हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून टोप बघायचे. मग संकोचाने कुलूपच विकत घेऊन जायचे. दुपारपर्यंत कुलूपवाल्याचा माल संपत आला. तो काकांना दर थोड्या वेळाने हात जोडत होता.

तेवढ्यात फलके धावत आला. त्याने खटपट करून काकांना व्यासपीठावर वेळ मिळवून दिली होती. काकूंनी काकांची कॉलर सरळ केली, एक टोप घातलेलं लाकडी डोकं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, जोरात बोला. काकांच्या छातीत धडधडत होतं. पण ती धडधड भीतीची नव्हती. इतकी माणसं आपलं काम बघणार, या विचाराने त्यांना अगदी हलकं हलकं वाटत होतं.

निवेदक तरुण होता, हजरजबाबी होता आणि दिवसभर एकट्याने माइक सांभाळून थोडा चढला होता. त्याने काकांची ओळख करून दिली, पडद्यावर काकांचं डोकं भलंमोठं दिसलं, आणि दालनात खरोखरच 'वा' असा आवाज उठला. काका लाकडी डोकं पुढे करून जाळीबद्दल सांगायला लागले, तर निवेदकाने ते बाजूला ठेवलं. लाकडाचं काय घेऊन बसलात, म्हणाला, चालतीबोलती जाहिरात समोर असताना?

"तुमच्या डोक्यावरचा टोप काढून दाखवा, काका."

इथे ना मापाची फीत होती, ना मान सरळ ठेवायला सांगता येत होतं.

"तो... निघत नाही," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, काय मजबूत काम आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून निवेदकाला आणखी चेव आला. बघू या तर किती पक्का बसलाय, असं म्हणत त्याने काकांची झुलपं मुठीत धरली आणि सणकून ओढली. काका कळवळून ओरडले, आणि ते ओरडणं माइकमधून दालनाच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेलं.

मग निवेदक स्वतःच्या मुठीकडे बघत म्हणाला, "अहो, हे तर खरे केस आहेत."

जो हशा पिकला तो थांबेचना. कुणीतरी मागून ओरडलं, की टोपवाल्याने सगळ्यांनाच टोपी घातली. कुणी म्हणालं, स्वतःच्या मालावर स्वतःचाच भरवसा नाही. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. पडद्यावर काकांचा चेहरा लालबुंद दिसत होता, डोळ्यांत पाणी, केस उभे.

काकांनी समोर पाहिलं. आणि त्या हसणाऱ्या गर्दीत त्यांना आपलं काम दिसायला लागलं. दुसऱ्या ओळीत शाळेच्या मोठ्या बाई, त्यांचा मधोमध भांग. खांबापाशी औषधांच्या दुकानाचा मालक, त्याची कानावरची कलमं. त्यापलीकडे बँकेतला तो उंच माणूस. सगळे टोप कसे सुरेख बसले होते. फक्त त्याखालचे चेहरे हसत नव्हते. ते आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांशी फलके उभा होता, पांढरा फटक पडून. त्याची आणि काकांची नजरानजर झाली. काकांनी लगेच मान वळवली, मुद्दाम, कुणी त्यांच्या नजरेचा माग काढू नये म्हणून.

निवेदक मनाने वाईट नव्हता. तो आता ओशाळला होता आणि सावरायला बघत होता. एखादं गिऱ्हाईक असेल ना इथे, काका? एकाकडे बोट दाखवा, म्हणजे झालं.

"आहेत," काका म्हणाले. "दाखवणार नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. माझे केस खरे आहेत हे मी कधी सांगितलं नाही, ती चूक माझी. हसा त्याला. पण माझ्याकडे जो येतो तो मला एक गोष्ट सांभाळायला देतो. ती मी इथे विकणार नाही."

हसणं थोडं कमी झालं, पण संपलं नाही. काकांनी लाकडी डोकं उचललं आणि काखेत मारलं. किल्ली खिशात होती. ती त्यांनी चाचपून पाहिली.

तेव्हा फलके वर आला. सगळ्यांना वाटलं, हा आता गोड बोलून वेळ मारून नेणार. त्याचं कामच ते. त्याने माइक घेतला, पण नेहमीचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"हे माझे भावोजी," तो म्हणाला. "मी जाहिराती करतो. घ्या घ्या म्हणून तुम्हाला ज्या वस्तू सांगितल्या, त्यातल्या निम्म्या मी स्वतः कधी वापरल्या नाहीत. ही एक वापरतो."

त्याने माइक खाली ठेवला. दोन्ही हात कानशिलांपाशी नेले. काका पुढे झाले, नको नको म्हणत त्यांनी त्याचं मनगट धरलं, पण फलकेने ते हळूच सोडवलं. कपाळाजवळची चिकटपट्टी बोटाने उचलली, आणि भोवऱ्यासकट, कौतुकासकट, सगळे केस उचलून हातात घेतले. रंगीत दिव्यांखाली त्याचं टक्कल लख्ख चमकलं. इतकी वर्षं त्याला रोज भेटणारी, त्याच्याकडून फलक लावून घेणारी माणसं समोर बसली होती. एकही हसलं नाही.

मग शाळेच्या मोठ्या बाईंनी टाळी वाजवली. एकट्यांनीच, पण जोरात. मागोमाग सगळं दालन कडाडलं, आणि लोक उठले ते थेट गाळ्याच्या दिशेने सुटले. आता कुलुपांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पण काका आणि फलके गाळ्याशी पोचायच्या आत काकूच गर्दी फोडून समोर आल्या. त्यांनी सगळं पडद्यावर पाहिलं होतं. भावाच्या डोक्याकडे त्या बघत राहिल्या, आणि मग त्याच्या हातातला टोप ओढून घेतला. उलटा केला. जाळीच्या आतून बोट फिरवत फिरवत त्या कपाळाच्या उजव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. एकावर एक तिरक्या मारलेल्या त्या गाठी ओळखायला त्यांना दिव्याचीही गरज नव्हती.

"कटकट्या," काकू म्हणाल्या. "तू होय तो?"

फलकेने मान डोलावली.

"किती शिव्या घातल्या मी त्याला जेवताना."

"माझ्यासमोरच घातल्यास, ताई. दोन मीही घातल्या."

काकूंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. त्या काकांवर उखडल्या, की बायकोपासूनसुद्धा लपवलंत? माझाच भाऊ, माझंच काम, आणि मला पत्ता नाही? काका म्हणाले, तुला पत्ता लागला नाही, म्हणजे तुझ्याइतकं चांगलं काम दुसरं कुणी करत नाही. काकूंनी भावाला स्टुलावर बसवलं, लहानपणी न्हाऊन झाल्यावर बसवायच्या तसं, आणि सगळ्या लोकांच्या देखत टोप त्याच्या डोक्यावर ठेवला, पट्टी दाबली, भोवरा बोटाने उठवला. इतका वेळ उघडं टक्कल पाहिलेल्या माणसांनाही आता टोप कुठे सुरू होतो ते सापडेना. लोक वाकवाकून बघत होते, आणि फलके मान ताठ करून बसला होता.

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांच्या एका हातात सकाळी घेतलेलं कुलूप होतं. त्यांनी घसा साफ केला, आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं, आणि तरीही मोठ्याने बोलले. काकांच्या डोक्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. फलकेकडे बोट दाखवून म्हणाले, "मला असाच पाहिजे. काम कुणाचं हे?"

काकांचा हात सवयीने मापाच्या फितीकडे गेला. मग तो त्यांनी मागे घेतला आणि काकूंच्या खांद्यावर ठेवला.

"हिचं," ते म्हणाले.